जर्मनचे भांडे आणि जर्मनीचे चित्र

आमच्या घरात भाताचे पातेले 'जर्मनचे' होते. परात पितळेची, कळशी तांब्याची आणि पातेले जर्मनचे, असा अम्मीचा हिशेब. कल्हईवाला दारात आला की ती पितळ-तांबे बाहेर काढायची आणि म्हणायची, "जर्मन राहू दे, त्याला कल्हई लागत नाही." शाळेत विज्ञान शिकलो तेव्हा कळले, की ते साधे अ‍ॅल्युमिनियम. 'जर्मन सिल्व्हर' नावाच्या पांढऱ्या मिश्रधातूचे नाव या स्वस्त भांड्यालाही चिकटले, एवढाच त्याचा जर्मनीशी संबंध. आणि त्या जर्मन सिल्व्हरमध्ये तरी चांदी कुठे असते? असतात ती तांबे, जस्त आणि निकेल. म्हणजे नावात जर्मनी, भांड्यात नाही; नावात चांदी, धातूत नाही.

मराठीत जर्मनीविषयी जे बोलले जाते, लिहिले जाते, त्यातले बरेचसे या पातेल्याच्या जातीचे आहे. नाव जर्मनीचे, आतला माल आपल्या घरचा. आपल्याला एक कणखर हुकूमशहा हवा असतो, आपण त्याला जर्मन करतो. आपल्याला शिस्तीचा बागुलबुवा हवा असतो, आपण त्याला जर्मन करतो. आपल्या थोरवीला परदेशी दाखला हवा असतो, तोही आपण जर्मनीतून मागवतो. आठ कोटींहून अधिक लोकांचा, शेकडो वर्षांच्या भाषेचा, दोन जागतिक महायुद्धांतून आणि एका फाळणीतून गेलेला देश या सगळ्यात कुठेच नसतो.

हे लिहिण्याचे कारण दोन प्रसंग आहेत.

पहिला प्रसंग एका महाविद्यालयातला. वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. एक हुशार मुलगा उभा राहिला आणि त्याने हिटलरच्या 'नेतृत्वगुणां'वर सात मिनिटे आवेशाने भाषण केले. सभागृह टाळ्यांनी दणाणले. मी गुण कापले, तर संयोजक समजुतीच्या सुरात म्हणाले, "सर, मुलगा बोलला छान. विषय कुठला का असेना." त्यांना यात काही वावगे वाटले नव्हते. आपल्याकडे हिटलरचे आत्मचरित्र मराठीतही मिळते आणि यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांच्या शेजारी खुशाल मांडलेले असते.

दुसरा प्रसंग आपल्याच दारातला, म्हणून अधिक बोचरा. २०२३ सालच्या अखेरीचे दिवस. गाझावर बाँब पडत होते. जुम्याच्या नमाजनंतर चहाच्या दुकानात आम्ही काही जण बसलो होतो. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर मलब्यातून काढलेली लेकरे होती. एका तरुणाने मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यावर हिटलरचा फोटो आणि खाली ज्यूंविषयी त्याच्या तोंडी घातलेले एक वाक्य. हिटलर ते कधी बोलल्याचा कसलाही पुरावा नाही. पण ते वर्षानुवर्षे मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून फिरते आहे. मी म्हटले, "हे बनावट आहे, आणि खरे असते तरी पुढे पाठवण्याच्या लायकीचे नाही." तो तरुण शिकलेला, चांगल्या नोकरीतला. त्याने शांतपणे विचारले, "चाचा, तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

त्या दिवशी मी नीट उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो आहे.

बेटा, आधी हे पाहू की तू ज्याला जर्मन समजतोस त्याने जर्मनांचे काय केले. हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी सत्तेवर आला. दोन महिने होण्याच्या आत म्युनिकजवळ डाखाऊची छळछावणी उघडली गेली. तिथे पहिल्यांदा डांबले गेले ते जर्मन कम्युनिस्ट, जर्मन समाजवादी, जर्मन कामगार संघटनांचे कार्यकर्ते. २७ फेब्रुवारीच्या रात्री बर्लिनचे संसदभवन जळाले आणि दुसऱ्याच दिवशी नाटककार बर्टोल्ट ब्रेख्टने देश सोडला. हा ब्रेख्ट मराठी रसिकाला परका नाही. पु. ल. देशपांड्यांचा 'तीन पैशाचा तमाशा' त्याच्याच नाटकावरून आला. खानोलकरांचे 'अजब न्याय वर्तुळाचा' आणि व्यंकटेश माडगूळकरांचे 'देवाजीने करुणा केली' हीही त्याचीच देणगी. म्हणजे मराठी रंगभूमीने जी जर्मनी मांडीवर घेतली तिला हिटलरने हाकलले होते. मग सभागृहात टाळ्या कुणासाठी वाजल्या?

१० मे १९३३च्या रात्री बर्लिनच्या ऑपेरा चौकात वीसेक हजार पुस्तकांची होळी झाली. जाळणारे अडाणी गुंड नव्हते; विद्यापीठातले विद्यार्थी पुढे होते आणि प्राध्यापक सोबत होते. आज त्या चौकाला बेबेलप्लाट्झ म्हणतात. जमिनीत एक काच बसवली आहे आणि काचेखाली रिकाम्या कपाटांची एक पांढरी खोली आहे. इस्राएली शिल्पकार मिखा उलमान यांचे हे स्मारक १९९५ सालचे. जवळच कवी हाइन्रिश हाइनेचे एक वचन कोरले आहे. पुस्तके जाळण्याचा शेवट कुठे होतो याविषयीचे ते वचन जगभर उद्धृत होते. पण ते मुळात कोणत्या पुस्तकाच्या होळीबद्दल आहे, हे फार थोडे जण सांगतात. ते आहे कुरआनच्या होळीबद्दल. हाइनेचे 'अलमन्सोर' हे नाटक १८२३ साली प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या हाती पडलेल्या ग्रॅनाडात त्याचे कथानक घडते. बाजारात कुरआन जाळल्याची बातमी येते आणि त्यावर एक मुसलमान पात्र ते बोलते. लिहिणारा ज्यू घरात जन्मलेला जर्मन कवी. आपल्या ग्रंथाची विटंबना त्याला सलली, म्हणून त्याने ती लिहिली. नाझींना तो कवी नकोसा होता. आता सांग, या दोघांपैकी तुझ्या मोबाइलमध्ये फोटो कुणाचा असायला हवा होता?

१५ सप्टेंबर १९३५ रोजी न्युरेंबर्गचे कायदे झाले. माणसाचे नागरिकत्व त्याच्या आजी-आजोबांच्या धर्मावरून ठरू लागले. कारकून कागद मागायचा आणि कागदावरून ठरायचे, की शेजारी उद्यापासून शेजारी राहणार की नाही. पुढे साठ लाख ज्यू मारले गेले. शिंती आणि रोमा या भटक्या जमाती मारल्या गेल्या. दवाखान्यांतून सत्तर हजारांहून अधिक अपंग आणि मनोरुग्ण 'जगायला नालायक' ठरवून मारले गेले. आजोबांचा कागद शोधत दारोदार फिरणे म्हणजे काय, हे या देशातल्या मुसलमानाला कुणी वेगळे सांगायला नको. १९३९ साली गोळवलकर गुरुजींच्या नावे निघालेल्या 'वुई, ऑर अवर नेशनहुड डिफाइन्ड' या पुस्तकात जर्मनीने ज्यूंच्या बाबतीत केले त्यातून हिंदुस्थानने धडा घ्यावा असे मांडले होते. तो धडा कुणासाठी होता, हे तुला ठाऊक आहे. आणि तरीही हिटलरचा फोटो तू आवडीने पुढे पाठवतोस! ज्या यादीत उद्या आपले नाव चढू शकते ती यादी करणाऱ्याला आपण हिरो म्हणायचे?

तू म्हणशील, जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल हुसैनी हिटलरला भेटलेच होते ना? भेटले होते, नोव्हेंबर १९४१मध्ये, बर्लिनला. इतिहासात ते लिहिलेले आहे आणि ते लपवायचे कारण नाही. पण त्याच बर्लिनमध्ये डॉ. मोहम्मद हेल्मी नावाचे इजिप्शियन डॉक्टर राहत होते. 'आर्य' नाहीत म्हणून त्यांची नोकरी गेली होती, दोनदा त्यांना अटक झाली होती. तरीही आना बोरोस या ज्यू मुलीला त्यांनी युद्ध संपेपर्यंत लपवून ठेवले. ज्यूंचे प्राण वाचवणाऱ्या अन्य धर्मीयांना इस्राएलची याद वाशेम ही संस्था जो सन्मान देते तो २०१३ साली त्यांना जाहीर झाला. तो मिळालेले ते पहिले अरब. मुफ्तींचे नाव मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत आणि हेल्मींचे कुणालाच नाही. दोष जर्मनांचा नाही. आपल्या स्मरणाचा आहे.

आता दुसरे चित्र घ्या. जर्मन म्हणजे घड्याळ. जर्मन म्हणजे यंत्र. हसत नाही, उशीर करत नाही, भावना नावाची वस्तू त्याच्याकडे नाही. आपले प्रवासवर्णनकार आठ दिवसांची सहल करून येतात आणि रेल्वे फलाटावरच्या घड्याळावर दोन पाने लिहितात. वस्तुस्थिती अशी, की २०२४ साली जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर पोहोचल्या. आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर हा त्यांच्या हिशेबात उशीर धरलाच जात नाही. जर्मन माणूस रेल्वेला शिव्या देत फलाटावर उभा असतो, अगदी आपल्यासारखा. चामड्याची अर्धी विजार आणि बिअरचा मोठा पेला हे चित्र बव्हेरियाचे. ते हँबर्गच्या माणसाला चिकटवणे म्हणजे वऱ्हाडच्या शेतकऱ्याला कोळ्याची टोपी घालणे. कलोनचा माणूस कार्निव्हलमध्ये रस्त्यावर नाचतो. एक प्रांत कॅथलिक, दुसरा प्रॉटेस्टंट, आणि या भेदावरून त्यांनी १६१८ ते १६४८ अशी तीस वर्षे रक्त सांडले आहे. जर्मनी नावाचे एक राष्ट्र १८७१ साली झाले. १९४९ ते १९९० त्याचे पुन्हा दोन देश होते आणि पूर्वेकडचा माणूस अजूनही म्हणतो, की आमची कथा पश्चिमेकडचे सांगतात. आपली कथा दुसऱ्याने सांगण्याचे दुःख आपल्याला समजू नये?

तिसरे चित्र मालकी हक्काचे आहे. कुणी म्हणते, वेद चोरून नेले आणि जर्मनांनी त्यातून विमाने बनवली. कुणी म्हणते, माक्स म्युलर आमचाच. माक्स म्युलर जर्मनीत जन्मला, आयुष्य ऑक्सफर्डला काढले आणि हिंदुस्थानात एकदाही आला नाही. हे झाले त्यांचे. आपणही मागे नाही. गटेला मुसलमान ठरवून मोकळे झालेले लोक आपल्यात आहेत. गटेने हाफिजचा जर्मन अनुवाद वाचला, तो भारावला आणि १८१९ साली त्याने आपला 'दीवान' प्रसिद्ध केला. वयाची पासष्टी गाठलेल्या, युरोपभर नाव झालेल्या कवीने शिराजच्या कवीपुढे शागिर्दासारखे बसावे, ही गोष्ट केवढी मोठी! इक्बाल म्युनिकला पीएच. डी. झाले, हायडेलबर्गला जर्मन शिकले आणि १९२३ साली 'पयाम-ए-मश्रिक' लिहून त्यांनी गटेला शंभर वर्षांनी जबाब दिला. दोन भाषांमधला हा सवाल-जवाब आहे. गटेच्या डोक्यावर टोपी चढवली की सवालच संपतो. उरतो फक्त आपला अहंकार.

लेसिंगचेही तसेच. १७७९ साली त्याने 'नाथान द वाइज' हे नाटक लिहिले. स्थळ जेरुसलेम, काळ क्रूसेडचा, एक ज्यू व्यापारी, एक ख्रिस्ती सरदार आणि सुलतान सलाहुद्दीन. तीन धर्मांतला खरा कोणता, या प्रश्नाचे उत्तर तीन अंगठ्यांच्या गोष्टीतून येते. लेसिंगच्या हयातीत हे नाटक रंगमंचावर आले नाही. नाझींच्या राज्यात ते जर्मन रंगभूमीवरून हद्दपार होते. आणि सप्टेंबर १९४५मध्ये, उद्ध्वस्त बर्लिनमध्ये डॉइचेस थिएटर पुन्हा उघडले तेव्हा पहिला पडदा याच नाटकावर वर गेला.

पण थांबा. मी जर्मनीची आरती ओवाळायला बसलेलो नाही. गटे ज्या वायमार गावात राहिला तिथून काही किलोमीटरवर एट्टर्सबर्ग नावाची टेकडी आहे. गटे तिथे फिरायला जात असे. त्याच टेकडीवर १९३७ साली बूखेनवाल्डची छळछावणी उभी राहिली आणि तिथे सुमारे ५६ हजार माणसे मेली. वायमारात २००० सालापासून गटे आणि हाफिज यांच्या नावाने समोरासमोर ठेवलेल्या दोन दगडी खुर्च्या आहेत. खुर्च्या दाखवून टेकडी लपवणारा खोटे बोलतो, आणि टेकडी दाखवून खुर्च्या लपवणाराही खोटेच बोलतो.

आणि १९४५नंतर सगळे जर्मन एका रात्रीत शहाणे झाले असेही नाही. कित्येक नाझी अधिकारी न्यायालयांत, कचेऱ्यांत, विद्यापीठांत पुन्हा खुर्चीवर बसले. आउश्वित्झच्या पहारेकऱ्यांवर फ्रँकफुर्टमध्ये खटला उभा राहायला १९६३ साल उजाडले, तेही फ्रिट्झ बावर या ज्यू सरकारी वकिलाच्या हट्टामुळे. आजच्या नामिबियात १९०४ ते १९०८ दरम्यान हेरेरो आणि नामा लोकांचे जे हत्याकांड जर्मन फौजांनी केले, त्याला वंशसंहार म्हणायला सरकारने २०२१पर्यंत वेळ घेतला. जर्मनांची आठवण ठेवण्याची संस्कृती कुणी वरून दिलेली नाही. ती मुलांनी बापांशी भांडून मिळवलेली आहे. म्हणूनच तिची किंमत आहे.

आता मुसलमानांशी जर्मनीचा व्यवहार कसा आहे, हा आपला खास प्रश्न. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार भरतीचा करार केला. आलेल्यांना नाव दिले 'पाहुणे कामगार'. पाहुण्याने काम करावे आणि निघून जावे. ते गेले नाहीत. त्यांची मुले तिथेच जन्मली. पण १९१३च्या कायद्याने नागरिकत्व रक्ताने मिळत होते. जन्माने ते मिळू लागले २०००पासून, तेही अटींसह. १९८५ साली पत्रकार ग्युंटर वालराफने एक पुस्तक लिहिले. दोन वर्षे तो 'अली' नावाचा तुर्क मजूर बनून पोलाद कारखान्यात आणि हॉटेलांत राबला आणि जर्मन मालक अलीला कसे वागवतात ते त्याने जर्मन वाचकांपुढे ठेवले. ते पुस्तक लाखोंनी खपले. मराठीत कुण्या लेखकाने असा अली होऊन वर्षभर काढल्याचे मला आठवत नाही.

२९ मे १९९३ रोजी, वस्तरे आणि कात्र्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सोलिंगन गावात गेंच कुटुंबाचे घर पेटवून देण्यात आले. पाच बायका-मुली जळून मेल्या. सर्वांत लहान चार वर्षांची. पेटवणारे चार तरुण जर्मन. आणि ज्या मेव्ल्युदे गेंच यांनी दोन मुली, दोन नाती आणि एक भाची गमावली, त्यांनी सूड नको, सलोखा हवा असे जाहीरपणे सांगितले आणि २०२२ साली मरेपर्यंत त्या तेच सांगत राहिल्या. त्या बाईही जर्मन संस्कृतीच. तिचे चित्र काढताना त्यांना वगळता येणार नाही.

आणखी एक गोष्ट मराठी पत्रकारांनी टेबलावर लिहून ठेवावी. २००० ते २००६ या काळात जर्मनीत नऊ जणांचे खून झाले. आठ तुर्क मुळाचे, एक ग्रीक. फुले विकणारा, शिंपी, किराणा दुकानदार, कुलपे-किल्ल्या बनवणारा. पोलिस वर्षानुवर्षे मृतांच्या घरातच खुनी शोधत राहिले. बायका-मुलांची चौकशी करत राहिले. वर्तमानपत्रांनी या प्रकरणाला नाव दिले 'डोनर-खून', डोनर कबाबवरून. नऊ माणसांचे एक सँडविच झाले. नोव्हेंबर २०११मध्ये उघड झाले, की खुनी नवनाझी होते; २००७ साली एका पोलिस शिपाई तरुणीलाही त्यांनीच मारले होते. मग भाषातज्ज्ञांच्या एका मंडळाने 'डोनर-खून' हा २०११ या वर्षाचा सर्वांत निषेधार्ह शब्द म्हणून जाहीर केला. तो शब्द घडवणारेही जर्मन आणि तो शब्द चव्हाट्यावर उभा करणारेही जर्मन. आपल्याकडे माणसांच्या आडनावांवरून आणि पदार्थांवरून किती शब्द रोज घडतात! त्यांतल्या एकाला तरी अशी शिक्षा झाली?

२०१५ साली सुमारे ८ लाख ९० हजार निर्वासित जर्मनीत आले, त्यांत सीरियाचे मुसलमान मोठ्या संख्येने. स्थानकांवर त्यांच्यासाठी खेळणी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन लोक उभे होते. त्याच देशात १९ फेब्रुवारी २०२० रोजी हानाऊमध्ये एका वंशद्वेष्ट्याने नऊ तरुणांना गोळ्या घातल्या. फेब्रुवारी २०२५च्या निवडणुकीत परकीयांच्या विरोधावर वाढलेला एएफडी हा पक्ष २०.८ टक्के मते घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला. आणि त्याच्या आदल्या वर्षी जानेवारीत त्याच पक्षाविरुद्ध लाखो जर्मन थंडीत रस्त्यावर उतरले होते. ऑक्टोबर २०२३मध्ये पॅलेस्टिनी लेखिका अदानिया शिबली यांचा फ्रँकफुर्ट पुस्तक मेळ्यातला पुरस्कार समारंभ रद्द झाला. आपल्या पापाचे प्रायश्चित्त दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवून घेता येत नाही, हे जर्मनीला सांगायलाच हवे. इस्राएलला शस्त्रे पुरवणाऱ्या प्रमुख देशांत ती आहे, हेही सांगायला हवे. पण हे सांगण्याचा अधिकार हिटलरचा फोटो फिरवणाऱ्याला उरत नाही. तो फोटो पॅलेस्टिनी लेकराच्या बाजूने काहीच बोलत नाही. तो फक्त त्याचा खटला कमजोर करतो.

मग न्याय्य चित्र काढायचे कसे? दोन माणसांकडे पाहा.

इरावती कर्वे १९२८च्या सुमारास बर्लिनला गेल्या. 'युगान्त'मुळे त्या आपल्याला माहीत आहेत. पण त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर होते, हे फारसे सांगितले जात नाही. हाच फिशर पुढे नाझींच्या वंशशास्त्राचा आधारस्तंभ झाला. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीची ठेवण वेगळी आणि म्हणून त्यांची बुद्धी वरचढ, असे त्याचे गृहीतक. कर्वेबाईंनी कवट्या हातात घेतल्या, एकेक मोजली आणि मापांत वंशाचा असा फरक दिसत नाही असे आपल्या प्रबंधात लिहून दिले. परक्या देशात, परक्या भाषेत, गुरूच्या समोर, पदवी हाती पडण्याच्या आधी! त्यांनी जर्मनांना शिव्या दिल्या नाहीत, नमस्कारही घातला नाही. त्यांनी मोजले.

दुसरे ग्युंटर सोंथायमर. हायडेलबर्ग विद्यापीठाचे हे अभ्यासक मराठी शिकले आणि धनगरांच्या वाड्यांवर, खंडोबाच्या जत्रांत, पंढरीच्या वाटेवर वर्षानुवर्षे हिंडले. मुसलमान भाविक खंडोबाला मल्लूखान म्हणतात, हे त्यांनी आवर्जून नोंदवले. आपल्याच कितीतरी लेखकांना जे दिसले नाही, दिसले तरी लिहावेसे वाटले नाही, ते एका जर्मनाने लिहिले. कारण तो माणूस आमच्यात येऊन बसला, आमच्या बोलीत ऐकत राहिला. १९९२ साली ते गेले. मराठी माणसाचे चित्र एका जर्मनाने इतक्या अदबीने काढावे आणि जर्मनांचे चित्र आपण चहाच्या टपरीवर उरकावे, हा कुठला इन्साफ?

आपली तक्रार काय आहे? मराठी कथा-कादंबऱ्यांत, नाटक-सिनेमांत मुसलमान एक तर अफझलखान असतो, नाही तर इमानी नोकर. तो मोडके हिंदी बोलतो, गळ्यात ताईत घालतो आणि शेवटी मित्रासाठी मरतो. कोकणातला खलाशी, मराठवाड्यातला विणकर, सोलापूरची विडी कामगार बाई, ओवी म्हणणारी मुसलमान आजी त्या चित्रात नसते. याच सलातून १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. एकाच्या गुन्ह्याने सगळ्यांना मोजू नका, आमचे आम्हाला सांगू द्या, हीच तेव्हापासूनची मागणी. ती खरी आहे, रास्त आहे. पण ती मागणी आपण फक्त स्वतःसाठी करत असू, तर ती न्यायाची मागणी नाही. ती सवलतीची मागणी आहे.

म्हणून लिहिणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. जर्मनीवर लिहायचे तर इंग्रजीच्या चष्म्यातून आलेले दुसऱ्या हातचे लिहू नका. पुण्या-मुंबईत जर्मन शिकवणारे माक्स म्युलर भवन कित्येक वर्षांपासून उभे आहे, तिथे आपली मुले पाठवा, केवळ नोकरीच्या व्हिसासाठी नव्हे. जर्मन समाजावर लिहिताना तिथे जर्मनमध्ये लिहिणारे मुसलमान वाचा. १९४६ साली तुर्कस्तानात जन्मलेल्या एमिने सेव्गी ओझदामार यांना २०२२ साली जर्मनीचा सर्वोच्च मानला जाणारा ब्युख्नर पुरस्कार मिळाला, आणि इराणी आईबापांच्या पोटी जर्मनीत जन्मलेल्या नविद केरमानींना २०१५ साली जर्मन पुस्तक व्यवसायाचा शांतता पुरस्कार. गुन्हा लिहायचा तर साल आणि नावानिशी लिहा, आणि त्याच पानावर त्या गुन्ह्याविरुद्ध उभे राहिलेल्यांचे नावही लिहा. आणि ज्या वाक्याचा पुरावा नाही ते वाक्य, कितीही सोयीचे असले तरी, पुढे पाठवू नका.

तू विचारलेस, मी कुणाच्या बाजूचा. दिल्लीच्या जामिया मिल्लियाच्या कब्रस्तानात गेर्डा फिलिप्सबोर्न नावाच्या एका बाईची कबर आहे. ती बर्लिनची जर्मन ज्यू. झाकिर हुसेन, आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब हे तीन तरुण बर्लिनला शिकत होते तेव्हा तिची त्यांच्याशी ओळख झाली. तिच्या देशात हिटलरचे राज्य येत असताना ती दिल्लीला आली आणि जामियाची मुले सांभाळू लागली. मुले तिला आपाजान म्हणत. महायुद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी तिला 'शत्रू देशाची नागरिक' म्हणून नजरकैदेत टाकले. हिटलरच्या लेखी ती जर्मन नव्हती. इंग्रजांच्या लेखी ती फक्त जर्मन होती. जामियातल्या पोरांच्या लेखी ती आपाजान होती. १९४३ साली ती वारली आणि मुसलमानांनी तिला आपल्या मातीत जागा दिली.

बेटा, मी त्या पोरांच्या बाजूचा आहे.